दोऱ्यांकडे बघणारं गाव

मावशींबद्दल चार चांगले शब्द लिहा, असं मला अनेकांनी सुचवलं. "तुम्ही त्यांचे शेजारी, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?" शेजारी होतो हे खरं. सत्तावीस वर्षं आमच्यामध्ये एक तारेचं कुंपण होतं, आणि सत्तावीस वर्षं त्या माझ्या डोळ्यांत खुपत होत्या. चांगले शब्द लिहिणारे गावात पुष्कळ आहेत, त्यांनी लिहावेत. मी आपलं जे झालं ते लिहितो.

मी हवामान खात्यात निरीक्षक होतो. वेधशाळा म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे घुमट आणि दुर्बीण येत असेल तर ती पुसून टाकावी. आमची वेधशाळा म्हणजे टेकाडावरची एक खोली. खोलीत टेबल, टेलिफोन आणि हवेच्या दाबाची रेघ दिवसरात्र कागदावर ओढत बसलेलं एक यंत्र. बाहेर कुंपणाच्या आत चार पायांवर उभी पांढरी जाळीची पेटी, तिच्यात तापमापी. पाऊस मोजायचं नळकांडं. उंच खांबावर वातकुक्कुट, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा. खोलीच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर, तिथे मी आणि माझी बायको.

सकाळी साडेआठला एकदा आणि संध्याकाळी साडेपाचला एकदा बाहेर जाऊन आकडे घ्यायचे, ते फोनवरून मुख्य कार्यालयाला कळवायचे, आणि तिकडून जो अंदाज येईल तो फाटकाजवळच्या काचेचं दार असलेल्या बोर्डवर खडूने लिहायचा. अंदाज तिकडचा, अक्षर माझं. त्यात आपली अक्कल घालायची नाही असा सक्त नियम. एकदा मी "हलका पाऊस" च्या जागी "बरा पाऊस" लिहिलं, तर वरून विचारणा आली की "बरा" म्हणजे किती मिलिमीटर.

टेकाडाच्या पायथ्याशी, आमच्या कुंपणाला लागूनच मावशींची लॉन्ड्री. सरकारी दवाखान्याच्या आणि स्टेशनसमोरच्या लॉजच्या चादरी तिथे येत. नवरा हातगाडीवरून कपडे पोचवायचा. तो गेला तेव्हा मावशी तिशीच्या होत्या, मुलगा कडेवर होता, आणि लोक म्हणाले की आता ही लॉन्ड्री बंद करील. त्यांनी तेराव्या महिन्यात दोन दोऱ्यांच्या चार केल्या आणि पुढे चाराच्या आठ. लोखंडी पाइपाचे खांब, त्यांवर आठ लांब दोऱ्या, आणि दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी. पोटावर बांधलेल्या पिशवीत चिमटे, दोन चिमटे दातांत. दातांत चिमटे धरूनही त्या बोलत आणि ते समोरच्याला कळे. हात कोपरापर्यंत लाल, साबणाने तडकलेले. चादर झटकायच्या तर असा आवाज व्हायचा की आमची मांजर पलंगाखाली जाई.

आता मुद्द्यावर येतो. गावाचा रस्ता या दोऱ्यांच्या समोरून जायचा, आणि गावाला एक खोड लागली होती. सकाळी घरातून निघताना माणसं माझ्या बोर्डकडे बघत नसत, मावशींच्या दोऱ्यांकडे बघत. दोऱ्या भरलेल्या असल्या की छत्री घरी. दोऱ्या रिकाम्या दिसल्या, किंवा मावशी चादरी उतरवताना दिसल्या, की दुकानदार आपापल्या ताडपत्र्या सोडायला लागत. शाळेच्या हेडबाईंनी खेळाचा तास ठेवायचा की नाही हे विचारायला शिपाई पाठवला तर तो माझ्याकडे येत नसे, कोपऱ्यापर्यंत जाऊन दोऱ्या बघून परत जाई.

एका वसंतात माझ्याने राहवलं नाही. मी खिडकीआड वही घेऊन बसलो आणि सकाळी आठ ते दहा मोजदाद केली. दोऱ्यांकडे बघणारे एकेचाळीस. बोर्डपाशी थांबणारे तीन. त्या तिघांतल्या एकाने काचेत बघून भांग पाडला, एकीने दातांत काही अडकलंय का ते पाहिलं. तिसरा वाचत होता, पण तो परगावचा होता.

आणि घरचं काय सांगू! थंडी सरली की माझी बायको गाद्या उन्हात घालायची.

"अहो, आज गाद्या टाकू का?"

"बोर्डवर लिहिलंय ना, आकाश निरभ्र."

"ते वाचलं हो," असं म्हणत ती कुंपणापर्यंत जाऊन खाली डोकवायची. "टाकते. मावशींनी आठही भरल्यात."

अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या. खात्याचा माणूस घरात, त्याच्या हातचं जेवतेस नाही तरी त्याच्या पगाराचं जेवतेस, आणि विचारतेस कुणाला, तर चादरींना!

हे सुरू झालं पत्र्यांच्या वादळापासून. मी नवा होतो, नोकरीतला पहिलाच वसंत. आमच्याकडची वसंतातली हवा म्हणजे बेभरवशाची. सकाळी झाडांना पालवी फुटलेली बघत चहा प्यावा, आणि दुपारी तीच पालवी अंगणात पडलेली झाडावी. त्या दिवशी वरून आलेला अंदाज होता निरभ्र. मी तो लिहिला. पण दहा वाजल्यापासून दाबाची रेघ खाली घसरायला लागली, आणि माझ्या पायाला भिंगरी लागली. पेटी उघडून बघ, कोंबडा बघ, पश्चिमेकडे बघ, आत येऊन फोन लाव. फोनवर साहेब म्हणाले, "तुम्ही नवे आहात. घाबरू नका. अंदाज बदलायचं कारण नाही." दोन वाजता वादळ आलं आणि शाळेचे, गिरणीचे, बाजाराचे मिळून शे-दीडशे पत्रे उडाले. त्यातला एक आमच्या बोर्डला येऊन आपटला. काच फुटली, पण आतली "आकाश निरभ्र राहील" ही अक्षरं मात्र जशीच्या तशी. लोक मुद्दाम बघायला येत होते.

आणि मावशींच्या दोऱ्या? बारा वाजताच रिकाम्या! एक रुमालसुद्धा ओला झाला नव्हता. झालं, त्या दिवसापासून गावाने देव बदलला.

पुढे गारांचा शुक्रवार झाला. त्या वेळी अंदाज बरोबर होता, मी तो तीन तास आधी ठसठशीत अक्षरांत लिहिला होता, आणि मावशींनीही चादरी काढल्या होत्या. गारा लिंबाएवढ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर जो तो म्हणत होता, "मावशी होत्या म्हणून वाचलो." मी तिथेच उभा होतो, हातात कप घेऊन. कुणाला वाटलंही नाही की बाबा, याचं पण काही असेल.

तिसरं म्हणजे न आलेलं वादळ. वरून मोठा इशारा आला, तुफान होणार, लोकांनी घराबाहेर पडू नये. मी लिहिलं. खरं सांगायचं तर मला ते पटत नव्हतं. दाबाची रेघ सरळ होती, वाऱ्यात दम नव्हता. मी खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवलं आणि डुलकी काढली. खाली मावशींच्या आठही दोऱ्या भरलेल्या. गावाने बोर्ड वाचला, हसून घेतलं आणि लग्नाच्या खरेदीला गेलं. संध्याकाळपर्यंत झुळूकसुद्धा आली नाही. तेव्हापासून टपरीवर एक विनोद सुरू झाला तो मी निवृत्त होईपर्यंत चालला: वेधशाळेने ऊन सांगितलं तर छत्री घ्यावी, पाऊस सांगितला तर दोन चादरी धुवायला टाकाव्यात.

बरं, मावशी काही मिरवत असत्या तर एक वेळ मी समजून घेतलं असतं. त्या मिरवायच्या नाहीत. कुणी विचारलं, "मावशी, पाऊस येईल का हो?" तर म्हणायच्या, "मला काय विचारतोस बाबा? मी चादरी वाळवते. वरती भाऊ आहेत, त्यांना विचार." भाऊ म्हणजे मी. लोकांना हा त्यांचा विनय वाटायचा. मला वाटायचं, बघा, जखमेवर मीठ कसं चोळावं ते हिच्याकडून शिकावं.

रोज सकाळी साडेआठला मी पेटीपाशी आलो की त्या खालून हाक मारायच्या, "काय भाऊ, आज कसं काय?"

मी म्हणायचो, "बोर्ड वाचा."

"बोर्डाचं नाही विचारलं, तुमचं विचारलं."

मी पेटीचं दार लावून आत निघून जायचो. सत्तावीस वर्षांत मी त्यांना या प्रश्नाचं धड उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. बायको माझ्यावर चिडायची. तिची आणि मावशींची गट्टी होती. माझ्या शर्टांना इस्त्री तिकडेच व्हायची, आणि कॉलर अशी की दिवसभर मान वळवताना मला मावशींची आठवण यावी.

मी पुष्कळ डोकं चालवलं. हिला कळतं कसं? गुडघे दुखतात म्हणावं तर त्या टणाटण उड्या मारत. मुंग्या बघते म्हणावं तर लॉन्ड्रीच्या सोड्याने तिथे मुंगी फिरकत नसे. आकाश बघते म्हणावं, तर लॉन्ड्रीच्या पश्चिमेला शीतगृहाची तीन मजली भिंत. आमची वादळं सगळी पश्चिमेकडून येतात, आणि त्या अंगणातून पश्चिमेचा हातभर तुकडासुद्धा दिसत नाही. टेकाडावरून मला दिसते ती सगळी पश्चिम, टेकड्यांपर्यंत. म्हणजे बघायला मिळतं मला, आणि कळतं तिला. हा अन्याय मला झोपू द्यायचा नाही. शेवटी मी मान्य केलं की काही माणसांना उपजतच असतं आणि काहींना नियम असतात.

निवृत्तीला दोन महिने राहिले तेव्हा वरून पत्र आलं. माझ्या जागी माणूस येणार नव्हता. एक खांब येणार होता, त्यावर सगळी यंत्रं, तो आपले आकडे आपणच पाठवणार. खोलीला कुलूप, बोर्ड मोडीत. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. मला एकच इच्छा उरली होती, आणि ती मी कुणाला, बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, मला मावशी चुकलेल्या बघायच्या होत्या. बोर्ड बरोबर आणि दोऱ्या चूक, असा एक दिवस. गावाने दोन्ही बघावं आणि मान वर करून टेकाडाकडे पाहावं. मग मी खुशाल पेटीला कुलूप लावून निघालो असतो.

तो दिवस एप्रिलात आला. बुधवार होता. साडेआठचे आकडे साधे, अंदाज निरभ्र, तो मी लिहिला. मावशींनी हाक मारली, मी "बोर्ड वाचा" म्हणालो. अकराच्या सुमाराला दाबाची रेघ वाकली. नुसती वाकली नाही, पडायलाच लागली, पत्र्यांच्या वादळाच्या दिवशी पडली होती तशी. मी सवयीने उठलो, चप्पल घातली, दारापर्यंत गेलो.

दारातून खाली दोऱ्या दिसल्या. आठही भरलेल्या, आणि मावशींची सून नववी टोपली घेऊन कुंपणावर अभ्रे पसरत होती. दवाखान्याचा सगळा आठवड्याचा कपडा बाहेर होता.

मी दारातच थांबलो. मनात आलं, हिला कळलेलं नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मला कळलंय आणि हिला नाही. मी चप्पल काढली आणि परत खुर्चीत येऊन बसलो. बाहेर जायची गरज काय होती? खिडकीतून पश्चिम दिसत होती, रेघ समोर होती. मी फोन करून दाब कळवला. यात कसूर केली नाही, हे नोंदवहीत आहे.

एक वाजता बायको ताट घेऊन आली. "आज बाहेर फिरकला नाहीत तुम्ही? बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग असे खिडकीला चिकटून काय बसलाय?"

मी भूक लागल्याचं सांगितलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ती ताट घेऊन गेली, आणि जाताना खाली बघून म्हणाली, "गाद्या काढते बाहेर. आज ऊन चांगलं आहे."

सव्वा वाजता फोन वाजला. साहेब स्वतः होते. दोन ते चारच्या दरम्यान जोरदार वादळ, गारांची शक्यता, बोर्ड ताबडतोब बदला. मी संदेश वहीत उतरवला, वेळ लिहिली, सही केली. खडू हातात घेतला. मग तो खिशात टाकला आणि बसून राहिलो.

काय विचार केला ते सांगतो, लपवत नाही. मी म्हटलं, आत्ता बोर्डवर लिहायला गेलो तर मावशी बघतील, धावत चादरी काढतील, आणि परत गाव म्हणेल, मावशींनी वेळेत काढल्या. गारांच्या शुक्रवारचं झालं तेच. थोडं थांबू या. लोकांना दुपारच्या जेवणानंतर बाहेर पडू दे, भरलेल्या दोऱ्या बघू दे, आणि मग मी लिहितो. अर्धा तास. चादरी भिजतील तर भिजतील, पुन्हा धुता येतात. माणूस भिजला म्हणून मरत नाही.

पावणेदोनला वारा पडला. एकही चादर हलेना. पश्चिमेला टेकड्यांच्या वर जांभळा-पिवळा काठ दिसायला लागला होता, पण तो मला. खाली लख्ख ऊन होतं. मावशी अंगणाच्या मधोमध आल्या, कपाळावर आडवा हात धरून वर बघायला लागल्या. मी खिडकीतून मागे सरकलो. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या. मला हसू आलं. म्हटलं, बघ, बघ आभाळाकडे. आज ते तुझ्याशी बोलणार नाही.

दोन वाजून पाच मिनिटांनी पहिला झोत आला, धूळ आणि पाठोपाठ गारा. मी धावलो. कुठे धावलो? बोर्डकडे. डोक्यावर गारा पडत होत्या आणि मी काच उघडून "वादळाची शक्यता" असं लिहीत होतो, म्हणजे निदान नोंद तरी राहील. "शक्यता" चा काना देताना खडू मोडला. तेव्हा खालून सुनेची किंकाळी आली.

ओल्या चादरींनी वारा धरला होता. खांब मुळापासून डुलत होते. मावशी तिसऱ्या दोरीला लोंबकळून चिमटे उपसत होत्या, सून दुसऱ्या टोकाला होती. मी कुंपणाला हात लावून उभा होतो. माझ्या बाजूने माझी बायको पळत गेली, डोक्यावर काही नाही, पायात चप्पल नाही, फाटक उघडं टाकून उतारावरून खाली. ती पोचायच्या आत खांब मावशींच्या उजव्या खांद्यावर आला. मी घड्याळ बघितलं. दोन वाजून दहा मिनिटं. सवय, दुसरं काय!

गावात आणखीही नुकसान झालं. लोकांनी दोऱ्या बघून कपडे, धान्य, गाद्या बाहेर टाकल्या होत्या. पण त्याबद्दल मावशींना कुणी चकार शब्दाने बोललं नाही. उलट दवाखान्यात रांग लागली. मी टपरीवर दोन दिवस वाट बघितली, की कोणी तरी म्हणेल, या वेळी बोर्डवर होतं बरं का. कोणी म्हटलं नाही. सगळे एकच विचारत होते, मावशींचा हात राहील ना? हात राहिला, पण डॉक्टरांनी सांगितलं की तो आता खांद्याच्या वर जाणार नाही. दोरीवर चादर घालणं संपलं.

म्हणजे एवढं होऊनही हेवा मीच करत होतो. अंथरुणाला खिळलेल्या बाईचा.

तिसऱ्या दिवशी बायकोने मला ओढतच नेलं. ती डॉक्टरांना काही विचारायला थांबली आणि मी एकटा आत गेलो. मावशी उशांवर टेकून बसल्या होत्या, उजवा हात छातीशी बांधलेला.

"या भाऊ. बसा. ही चादर बघा, मीच धुतलेली. मागल्या सोमवारी." त्या हसल्या. "आता मला कळलं, लोक बोलतात ते खरं आहे. मी नीळ जास्त घालते."

मी स्टुलावर बसलो. म्हणालो, "मावशी, या वेळी तुम्हाला कळलं नाही का?"

"मला कधी कळतं?" त्या म्हणाल्या. "मला कुठे काय दिसतं त्या भिंतीमुळे? मी तर तुमच्याकडे बघायची."

"बोर्डकडे?"

"बोर्डाला काय करायचंय? बोर्ड तुमचा थोडाच आहे, तो वरून येतो. मी तुमच्याकडे बघायची. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा आलात म्हणजे सगळं ठीक. मधेच एकदा बाहेर आलात तरी चालतं. पण दुसऱ्यांदा आलात, की मी सुनेला म्हणते, चल, चिमटे काढायला लाग. आणि कंबरेवर हात ठेवून पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिलात, की मग मी धावतेच. इतकी वर्षं, एकदासुद्धा चुकला नाहीत हो तुम्ही. लोक मला म्हणतात मावशी, मावशी. मी सगळ्यांना सांगायची, अरे भाऊंना विचारा. पण त्यांना वाटतं म्हातारी थट्टा करते."

न आलेल्या वादळाच्या दिवशी मी खुर्चीत शब्दकोडं सोडवत होतो, म्हणून दोऱ्या भरलेल्या होत्या. पत्र्यांच्या दिवशी माझ्या पायाला भिंगरी होती, म्हणून त्या रिकाम्या झाल्या. एकेचाळीस माणसं रोज सकाळी बघत होती ती मला. सत्तावीस वर्षं मी ज्याच्यावर जळत होतो ते माझंच होतं, आणि ते माझं आहे हे गावात फक्त या बाईला माहीत होतं.

"बुधवारी तुम्ही बाहेरच आला नाहीत," मावशी सांगत होत्या. "हवा मला जरा कोंदट वाटली. अंगणात येऊन बघितलंही किती वेळ, तुम्ही दिसताय का. नाही दिसलात. म्हटलं, भाऊ आत आहेत म्हणजे काही नाही. बरं नव्हतं ना तुम्हाला?"

मी म्हणालो, "हो. ताप होता."

"तरीच!" त्यांनी चांगला हात कपाळावर मारून घेतला. "माझ्या मनात आलं होतं बघा. सुनेला म्हणालेसुद्धा, जाऊन बघून ये. पण तो आठवड्याचा ढीग होता ना. माझंच चुकलं. एवढा तापाने फणफणलेला माणूस वर पडलाय, आणि मी आपली चादरी वाळत घालतेय. आता उतरला का?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा शब्द डोळे मिटून खरा मानला होता.

मी वळून बघितलं तर बायको दारात उभी होती, हातात चहाचा थर्मास. तिने सगळं ऐकलं होतं. बुधवारी मला दोनदा वाढणारी तीच. तिने थर्मास टेबलावर ठेवला, मावशींचं पांघरूण सारखं केलं आणि बाहेर गेली. मी तिच्या मागे व्हरांड्यात गेलो.

"चल, घरी जाऊ," मी म्हणालो.

"तुम्ही आत जा," ती म्हणाली. "मी इथे थांबते." आणि बाकावर बसून तिने माझ्याकडे बघायचं थांबवलं.

मी पुन्हा आत गेलो, स्टुलावर बसलो. मावशींना वाटलं मी काहीतरी विसरलो.

"ताप नव्हता, मावशी."

"मग?"

"मला कळलं होतं. तुमच्या दोऱ्या भरलेल्या बघितल्या आणि मी मुद्दाम बाहेर आलो नाही. तुम्ही एकदा तरी चुकावं असं मला वाटत होतं."

आता त्या रागावतील, रडतील, सुनेला हाक मारतील, असं मला वाटलं. शेजारच्या खाटेवरची बाई कूस बदलून आमच्याकडे बघायला लागली.

"किती वाजता कळलं होतं?" त्यांनी विचारलं.

"रेघ अकरालाच पडायला लागली होती. नक्की सव्वा वाजता."

"आणि खांब कधी पडला?"

"दोन वाजून दहा मिनिटांनी."

त्यांचे ओठ हलले. त्या हिशेब करत होत्या.

"पंचावन्न मिनिटं," त्या म्हणाल्या. "आठ दोऱ्या उतरवायला मला आणि सुनेला चाळीस लागतात. घड्या घालून."

मग त्यांनी डाव्या हाताने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि तोंड भिंतीकडे केलं.